बूस्टरचं कौतुक पुरे, अँटेनाकडे बघा

सोलापुरातल्या जुन्या घरांवर अजून एखादा अँटेना वाकलेला दिसतो. दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले, त्यामुळे त्याला पकडायला आता काही उरलं नाही. तरी जुना विषय निघाला की लोक बूस्टरचेच, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डबीचेच गोडवे गातात. माझ्या मते खरी कमाल ॲल्युमिनियमच्या त्या दांड्यांची होती.

जपानमधल्या यागी आणि उदा यांची १९२६ ची ही रचना. वायर जोडलेली लांबट कडी म्हणजे डायपोल, मागे लांब रिफ्लेक्टर, पुढे आखूड डायरेक्टर. १४३ ला चॅनेलच्या मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. २०० मेगाहर्ट्झला साधारण ७१ सेंटिमीटर, रिफ्लेक्टर ७५, डायरेक्टर ६८. मुंबईच्या चार नंबर चॅनेलला हाच हिशेब सव्वादोन मीटरवर जायचा, म्हणून ते अँटेने एवढे अवाढव्य.

बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. तो वर, डायपोलजवळच हवा. केबलमध्ये सिग्नल क्षीण झाल्यावर खाली टीव्हीशेजारी लावला तर पडद्यावरच्या मुंग्याच मोठ्या होतात. आणि टॉवर जवळ असेल तर बूस्टरने चित्र उलट बिघडायचं.

चित्राला सावली पडण्याचं, म्हणजे एकाची दोन दिसण्याचं कारणही वेगळंच. गिरणीच्या चिमणीवर किंवा पत्र्याच्या शेडवर आपटून आलेला सिग्नल ३०० मीटर जास्त फिरला, तर २० इंची पडद्यावर सावली पाऊण सेंटिमीटर उजवीकडे दिसते. अशा वेळी अँटेना सर्वांत ठळक चित्रावर थांबवायचा नसतो. सावली पुसट होईपर्यंत थोडा तिरका करायचा.

बाकी बिघाड बहुतेक जोडणीत. सोलापूरच्या उन्हात डायपोलची प्लास्टिकची डबी तडकते, पहिल्याच पावसात पाणी शिरतं, वायरची टोकं हिरवी पडतात. चपटी वायर ३०० ओहमची, काळी केबल ७५ ची. मधे बालन, म्हणजे दोन्हींचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, न लावता जोडणारे पुष्कळ होते, आणि दोष मात्र टीव्हीला. चपटी वायर लोखंडी पाइपला चिकटवून बांधली तरी सिग्नल वाया जायचाच.

अँटेना भंगारात देणार असाल तर आधी आजूबाजूच्या विजेच्या तारा बघा, पाइप धरायला दोघं ठेवा, मगच ताणाच्या तारा सोडा. घर माळवदाचं असेल तर पाइपचं भोक त्याच दिवशी पांढऱ्या मातीने ठासून बुजवा, नाहीतर मृगात घर गळेल.