हळद पडद्यावरच बरी

सांगलीत बसून दहावीच्या पोरांसाठी आम्ल-आम्लारीचं डिजिटल साहित्य करताय? उत्तम! पहिलं पथ्य: खऱ्या हळदीला हात लावायचा नाही. मार्केट यार्डात सौदे चालू असोत, सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं असो, हळद पडद्यावरच पाहिजे. एक पिवळी पट्टी, शेजारी चुन्याची निवळी. पोरानं पट्टी बोटानं ओढून निवळीत सोडायची, ती लाल होणार, टाळ्या वाजणार. निवळीतली आम्लारी हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूतला प्रोटॉन काढून घेते म्हणून रंग बदलतो, हे सांगत बसू नका. टाळ्यांचा आवाज आधी पक्का करा.

आणि पट्टी लिंबाच्या रसात सोडली तर? सोडताच येता कामा नये. ती आपोआप जागेवर परत गेली पाहिजे. लिंबात हळद पिवळीच राहते, म्हणजे आम्ल ओळखायला ती कुचकामी, हे कार्ट्याला आपलं आपण कळलं तर तुम्हाला विचारणार कोण?

कोलोरॅडो विद्यापीठात हीच चूक झाली. नोबेलविजेत्या कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये 'फेट' हा पडद्यावर करून बघायच्या विज्ञानप्रयोगांचा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या विद्युत परिपथात बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली की ती चक्क पेट घेते! पोरांना चुकायला एवढी मोकळीक? वर सगळं फुकट, बरंचसं मराठीतही, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. हे आयतं वापरलंत तर मंजूर निधी खर्ची कुठे टाकणार? त्यापेक्षा पुस्तकाची पानं स्कॅन करा, खाली 'पुढे' असं बटण द्या. झालं इंटरॅक्टिव्ह. (बटण हिरवं ठेवा, साहेबांना आवडतं.)

टिकाऊपणाची काळजी नको. 2020 संपताना संगणकावर हलती चित्रं चालवणारं फ्लॅश बंद पडलं, तेव्हा कुणाचं काय अडलं? त्यावरचे धडे भरलेल्या आमच्या सीड्या तासगावकडच्या द्राक्षबागेत टांगल्यात. पाखरं येत नाहीत म्हणे.

उद्घाटनाला मात्र पुढच्या बाकावर शहाणी पोरं बसवू नका. आमच्याकडे एकीनं विचारलं, "सर, शर्टावर आमटी सांडली, आईनं साबण लावला तर डाग लाल झाला. का?"

आम्ही तिला खाली बसवलं. चौदाव्या स्लाइडला येणारच होतं ते. तेराव्यालाच वीज गेली.