‘साहेब म्हणू नका’ म्हणणाऱ्यांना

शिवजयंती जवळ आली की एक निरोप हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘साहेब, सरकार, पेशवा, सुलतान हे गुलामीचे शब्द. महाराजांनी राज्याभिषेकानंतर ते सगळे हद्दपार केले. साहेब तर इंग्रजांनी लादला. श्रीमंत म्हणजे पैशाचा माज. अस्सल शब्द वापरा, मान आपोआप येईल. पंतप्रधान नको, प्रधानमंत्री म्हणा.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण त्याच्या ‘गुलामी’तला गुलाम अरबी आणि ‘हद्दपार’मधली हद्दही अरबीच. असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळे हद्दपार केले.’ यात पावभर खरं आहे. 1674च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांची नावं बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंत्यांकडे राजव्यवहारकोशाचं, म्हणजे कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या कोशाचं काम आलं. दहा वर्ग, चौदाशेच्या आसपास शब्द. काम मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण शब्द कोशात घालणं वेगळं आणि लोकांच्या जिभेवरून उतरवणं वेगळं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली. राज्याभिषेकाच्या प्रसंगाशी येऊन, जिथे त्याचा ऊर भरून आलाय नेमकं तिथे, तो म्हणतो: ‘मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाला.’ फारसी पातशहा आणि संस्कृत छत्रपती एकाच दमात! त्याला काही खटकलं नाही. घडलं ते केवढं मोठं, हे त्या काळच्या वाचणाऱ्याला पातशहाच्या मापानेच कळणार होतं.

आणि महाराजांची मुद्रा? अनेकांना ती पाठ असते, पण म्हणताना मधल्या शब्दाकडे फारसं कुणी बघत नाही. ‘शाहसूनोः शिवस्यैषा.’ शाहचा पुत्र शिव, त्याची ही मुद्रा. शहाजीराजांच्या नावातला शाह फारसी. त्याला संस्कृत ‘सूनु’ जोडला, वृत्तात बसवला आणि झालं. शुद्धीसाठी वडिलांचं नाव बदलावं, असं कुणाच्या मनात आलं नाही.

पेशवा शब्दाचंही तेच. बाजीरावाच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ कोरलेलं आहे, पेशवा नाही. म्हणजे 1674चा बदल कागदावर पाळला जात होता. पण शिक्का एक म्हणत राहिला आणि गाव दुसरं. शेवटी गावाचंच टिकलं. आपण ‘मुख्य प्रधानाई’ म्हणत नाही, पेशवाई म्हणतो.

‘साहेब इंग्रजांनी लादला.’ हे साफ चूक. जिजाबाईंना आऊसाहेब म्हणत, तेव्हा इंग्रज सुरतेला वखार सांभाळत बसले होते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सोबती, धनी. मराठीने तो उचलला आणि थेट घरात नेला: आईसाहेब, दादासाहेब, बाबासाहेब. नात्याच्या शब्दाला असा मान जोडायला गोऱ्या साहेबाने शिकवलेलं नाही. उलट त्यालाच हा शब्द इथे आयता मिळाला. शिवाय या शब्दाला चेष्टाही चालते. रविवारी दहा वाजता ‘आमचे साहेब अजून उठले नाहीत’ असं आई सांगते, ते सहा वर्षांच्या पोराबद्दल. यात गुलाम कोण, ते ठरवा.

‘श्रीमंत म्हणजे पैशाचा माज.’ श्री म्हणजे शोभा, ऐश्वर्य, लक्ष्मी. पेशव्यांना श्रीमंत म्हणत ते आदराने, तिजोरी मोजून नव्हे. अर्थ पुढे पैशापुरता आक्रसला, त्याला पेशवे काय करणार? पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीला आजही श्रीमंत म्हणतात, ते जुन्याच अर्थाने.

आता निरोपातला सर्वात लाडका मुद्दा: ‘अस्सल शब्द वापरा, मान आपोआप येईल.’ बरं. राजा हून अस्सल काय असणार? त्याचाच प्राकृतातून घासून राव झाला. आधी तो मानाने नावाला चिकटला, आणि आता? ‘काय राव, होतास कुठे?’ राजमान्य राजश्री ही पदवी होती, तिचं रा. रा. झालं आणि ते पत्रात कुणाच्याही नावाआधी लागू लागलं, उसने पैसे थकवणाऱ्याच्याही. लहान मुलांनी तर कहर केला. लपाछपीत ‘राज्य कुणावर?’ विचारतात. ज्याच्यावर राज्य, तो भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत आकडे मोजतो आणि बाकीचे मजा मारतात. राज्यशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

उलट, परका शब्द आला म्हणून मान खाली गेली असंही नाही. ‘अस्मानी-सुलतानी’ घ्या. गारपीट, अवर्षण ही अस्मानी. राज्यकर्त्याकडून कोसळते ती सुलतानी. कुणब्याने सुलतानाचा शब्द घेतला आणि त्याला गारपिटीच्या ओळीत बसवलं. यात लाचारी शोधून दाखवा.

महादजी शिंद्यांची गोष्ट तर या निरोपावाल्यांनी मुद्दाम वाचावी. 1784 मध्ये दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केलं. म्हणजे बादशहाच्या वतीने सगळा कारभार, आणि तो चालवायचा महादजींनी. एवढा अधिकार हाती असलेला हा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घ्यायचा. त्यातला वकील पुढे काळा कोट घालून कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला, पाटील मात्र आजही गावात मिशीला पीळ देतो.

राहिलं ‘पंतप्रधान नको, प्रधानमंत्री म्हणा.’ इथे निरोपाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. पेशव्याचं ‘प्रधान’ झालं ते 1674 मध्येच, आणि मराठीने ते आजवर जपलं. प्रधानमंत्री हा हिंदीतला शब्द. शिवाय अष्टप्रधानांत प्रधान आणि मंत्री ही दोन वेगळी पदं होती. प्रधान मोरोपंत पिंगळे. मंत्री दत्ताजी त्रिंबक, पूर्वीचे वाकनीस. महाराजांची रोजनिशी आणि आमंत्रणं-निमंत्रणं यांच्याकडे. दोघांना जोडून एक माणूस केलेला पाहून मोरोपंत काय म्हणाले असते कुणास ठाऊक. दत्ताजीपंतांनी मात्र रोजनिशीत नोंद नक्की केली असती.