टार्पनच्या ल्युअरबद्दल आलेल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मी आणि माझ्या मुलाने दुकानात बसून नीट वाचला. मे महिन्यात मुलीकडे फ्लोरिडातल्या टँपाला जाताना तुम्ही आमच्याकडून टार्पन या मोठ्या समुद्री माशासाठी ल्युअर (गळाला लावायची कृत्रिम आमिषं) घेतले होते. तुमच्या तक्रारी अशा: मोठे, चमकदार ल्युअर मागितले तर आम्ही मळकट रंगाचे रबरी मासे गळ्यात मारले; लीडरचे (ल्युअरला जोडायच्या जाड दोरीच्या तुकड्याचे) पैसे उगाच लावले; मोबाइलवर दाखवलेले ‘बोका ग्रँडवाले’ जिग (वजन लावलेले हुक) मागवून द्यायला नकार दिला; आणि मासे लागले, पण एकही बोटीपाशी आला नाही, उलट एका ल्युअरचा गळ सरळ झाला. त्याचा फोटोही टाकलाय.

एवढ्या लांब जाऊन, बोटीचे आणि कॅप्टनचे पैसे भरून मासा हातचा गेला की जीव किती हळहळतो, ते मला कळतं. पण पुण्यातून फ्लोरिडाला मुलांकडे जाणारे आणि जाताना रॉड बरोबर नेणारे बरेच जण आहेत. तुमचं वाचून त्यांनी उलटाच माल घेऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोटो. निळ्या पाठीचा तो कडक प्लास्टिकचा मासा आमच्याच दुकानातला. पण त्याच्या पोटाखाली फोटोत ट्रेबल दिसतोय, तीन टोकांचा. तुम्हाला दिला तेव्हा त्यावर जाड तारेचे सिंगल हुक (एका टोकाचे गळ) बसवलेले होते आणि कंपनीचे मूळ ट्रेबल वेगळ्या पुडीत घालून दिले होते, कारण ते तुमच्या पैशाचे. ते परत बसवले गेलेत. तीन टोकं म्हणजे पकड जास्त, असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडच्या बऱ्याच माशांना ते चालूनही जातं.

आता फोटो मोठा करून पाहा. तीनपैकी एकच टोक उघडलंय, बाकी दोन जशीच्या तशी आहेत. सगळा भार त्या एका बारीक तारेवर आला होता. टार्पनचं तोंड आतून हाडाचं असतं. तिथे टोक पुरतं रुतत नाही, कुठेतरी कडेला अडकतं. दुसरं टोक बाहेरून जबड्याला टेकलं की त्याचा टेकू होतो, आणि माशाने डोकं झटकलं की पहिलं टोक उघडत जातं. जाड तारेचा एकच हुक असला तर असा टेकू मिळत नाही. तो शिरला की वळणापर्यंत शिरतो. शिवाय मासा सोडताना एकच गळ काढायचा असतो, त्यामुळे माशाचं तोंड आणि आपली बोटं दोन्ही वाचतात.

टोकाची धारही बघावी लागते. हुकचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. मासा लागून सुटला की दर वेळी हे करायचं, कारण त्या हाडावर एकदा घासलेलं टोक नव्यासारखं राहत नाही. कानशीचे दोन हात मारायचे, नाहीतर हुक बदलायचा.

रबरी माशांबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. टार्पनचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेलं असतं, डोळे मोठे असतात. तो खालून वर बघून खातो. म्हणून ल्युअर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडा वर हवा. जड चमचा (धातूचा ल्युअर) किंवा मोठा प्लग (कडक प्लास्टिकचा मासा) थांबवला की सरळ खाली जातो आणि माशाच्या खालून निघून जातो. चार ते सहा इंचांचा, हळूहळू बुडणारा रबरी मासा हवा त्या थरात ठेवता येतो. काउंटरशेजारच्या टाकीत तुम्हाला तो ओढून दाखवला होता: अगदी सावकाश ओढला तरी शेपटी थरथरत होती. टार्पनला तोच वेग लागतो. एवढा मोठा मासा म्हणून रील भराभर फिरवायचा मोह होतो, पण तो बरेचदा आरामात मागे येतो आणि आरामात तोंड उघडतो.

रंगाचं म्हणाल तर उजेडी, स्वच्छ पाण्यात तिथल्या हेरिंग आणि मलेट या माशांसारखा दिसणारा, पाठ गडद आणि पोट फिकं असा रंग निवडला. रात्री पुलाच्या दिव्यांखाली मासेमारी करायची असेल म्हणून काळा-जांभळा दिला. अंधारात मासा खालून बघतो तेव्हा त्याला आकार दिसतो, आणि काळ्याची आकृती सगळ्यात ठळक उमटते. झगमगाट तुम्हाला दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आवडला असता, पण मी माल माशाच्या बाजूने निवडतो.

हलका ल्युअर देण्याचं आणखी एक कारण आहे, आणि तुमचे मासे सुटण्याशी त्याचा थेट संबंध आहे. टार्पन उडी मारतो, पूर्ण पाण्याबाहेर येतो आणि हवेत डोकं झटकतो. तेव्हा तोंडातून लटकणारा जड ल्युअर घणासारखा झुलतो आणि स्वतःच्याच वजनाने हुक उपटून काढतो. हलक्या रबरी माशाला तेवढा जोर नसतो. तरीही दोरी ताठ असली तर मासा सुटतोच. म्हणून तो हवेत गेला की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं, दोरी सैल सोडायची, आणि तो पाण्यात पडला की लगेच ताण परत आणायचा. तिकडचे जुने लोक याला राजाला मुजरा म्हणतात. तुम्ही लिहिलंय की मासा उडाला तेव्हा तुम्ही ‘रॉड घट्ट वर धरून ठेवला होता’. मासे तिथेच गेले असणार.

ही सवय आपल्याला मरळीने लावली आहे. बेडकाच्या ल्युअरवर मरळ आली की आपण रॉड वर झटकतो, आणि ते बरोबरच असतं. टार्पनला रॉड वर झटकला तर ल्युअर त्याच्या उघड्या तोंडातून निसटून बाहेर येतो. मासा लागल्यावर रॉड खाली, पाण्याला जवळपास समांतर ठेवा. दोरी ताठ होईपर्यंत रील फिरवा आणि मग बाजूला दोन-तीन दमदार ओढी द्या.

ल्युअर कुठे टाकायचा, यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण इतरांसाठी सांगतो. टार्पन पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. पाठ वळलेली दिसते, मग नाहीशी होते. तो कुठल्या दिशेने चाललाय ते आधी बघायचं आणि त्याच्या वाटेवर पुढे टाकायचं. डोक्यावर टाकलं तर अख्खा थवा फुटतो. आणि ल्युअर माशाच्या अंगावर चालून जाईल असा कधीच ओढू नये. भक्ष्य पळतं, अंगावर येत नाही. उलट दिशेने येणारी चिंबोरी पाहूनही हा एवढा मोठा मासा बिचकतो.

लीडरचे पैसे मी मुद्दाम लावले. टार्पनला कापणारे दात नाहीत, म्हणून तारेचा लीडर नको. पण जबडा पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. नुसता ब्रेड (रीलवरची विणलेली दोरी) त्यावर घासला तर थोड्याच वेळात तुटतो. ८० पौंडांचा ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) लीडर त्यासाठीच. तुमचा वापरलेला लीडर अजून असेल तर टोकाकडच्या फूटभर भागावरून नख फिरवा, चरे लागतील.

आता जिग. हे आम्ही मागवून देत नाही आणि देणारही नाही. त्या प्रकारात वजन हुकच्या खाली लटकतं, आणि अशा जिगचा हुक माशाच्या तोंडाऐवजी बाहेरून अंगात कुठेही खुपसला जातो, हा वाद तिकडे अनेक वर्षं चालला होता. फ्लोरिडाच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने २०१३ मध्ये बोका ग्रँड पासमध्ये (टार्पनसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या खाडीच्या मुखात) अशी रचना वापरायला बंदी केली. तुमच्या कॅप्टनने ती बोटीवर चढूच दिली नसती.

त्याच वर्षी टार्पन तिथे पकडून सोडून देण्याचा मासा ठरला. विक्रमासाठी खास टॅग घेतला असेल तेवढाच अपवाद. ४० इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायचाही नाही; मांडीवर घेऊन फोटो काढायचा विषयच येत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. हा मासा जगभरात असुरक्षित गणला गेलाय. दमवून सोडलेल्या टार्पनला बोका ग्रँडला हॅमरहेड शार्क गाठतात. म्हणूनच मी तुम्हाला जाड हुक, भक्कम लीडर आणि ५० पौंडांचा ब्रेड सुचवला: झुंज लवकर संपावी आणि माशात पळण्याइतका दम राहावा.

राहिला प्रश्न पैशांचा. न उघडलेली पाकिटं घेऊन या, बिल नसलं तरी पूर्ण पैसे परत देतो. वापरलेल्या प्लगवर जाड सिंगल हुक आणि नव्या स्प्लिट रिंगा (हुक अडकवायच्या कड्या) बसवून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तो उघडलेला ट्रेबल मात्र टाकून देऊ नका, बरोबर आणा. तिकडे निघालेल्या गिऱ्हाइकांना दाखवायला मला तो हवाय.

येताना रॉड आणि रीलही आणा. ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती घट्ट होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ताणकाट्याला दोरी बांधून ते पाच मिनिटांत कळेल. ५० पौंडांच्या ब्रेडला सहा किलोच्या आसपास दोरी सुटायला लागली पाहिजे. शनिवारी सकाळी दुकानात गर्दी नसते. मागच्या बोळात मुलगा दोरीचं दुसरं टोक धरून पळेल आणि तुम्ही रॉड खाली ठेवून ओढ द्यायची, मग झुकवायचा. दोन-चारदा केलं की हाताला बसतं.

पुन्हा टँपाला जाणं लवकर होणार नसेल तर याच कुळातला लहान जातीचा टार्पन आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतही येतो. तोंड तसंच वर वळलेलं, उड्या तशाच. त्याच्यासाठी तीन इंचांचे रबरी मासे आणि बारीक सिंगल हुक लागतात. ते मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. पाऊस संपला आणि खाडीचं पाणी निवळलं की उधाणाच्या भरतीला पहाटे जा.