पाखराला कळतंय म्हणे!

माझी मावशी खानापूरला असते. काकांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचंय. परवा तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एम्परर पेंग्विनचा फॉरवर्ड टाकला. हा पक्षी जन्मभर एकच जोडीदार धरतो, मादीला आधी सुंदर खडा देतो, बायकोसाठी चार महिने उपाशी उभा राहतो आणि जोडीदार गेला की अन्नपाणी सोडून प्राण देतो. खाली 'माणसांनो, शिका' आणि जोडलेले हात. रविवारी गेलो तेव्हा मावशीने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. म्हणाली, "बघ की, पाखराला कळतंय. मी बसलेय दोन वेळ जेवत."

डोकं फिरलं माझं.

फोटोत पेंग्विनशेजारी पांढरं अस्वल आहे, तिथेच शंका यायला हवी होती. ते अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, हा पक्षी अंटार्क्टिकाचा. खडे गोळा करतो तो ॲडेली पेंग्विन, घरट्यासाठी. एम्परर घरटंच करत नाही. गोठलेल्या समुद्रावर उभा राहणारा पक्षी खडा आणणार कुठून, मावशीकडच्या मलप्रभा नदीतून?

जन्माची गाठ म्हणाल तर 1999 साली 'द ऑक' या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात फ्रेंच संशोधकांचा लेख आला होता. दोघंही जिवंत परत आलेली असतानासुद्धा शंभरातल्या सुमारे 85 जोड्या पुढच्या हंगामात मोडतात. घरटं नाही म्हणजे भेटायची ठरलेली जागा नाही, आणि हंगाम इतका तोकडा की जुन्याची वाट बघत बसणं परवडत नाही.

उपासाचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. मे-जूनच्या सुमारास मादी एकच अंडं घालते, नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे जाते. सोपवताना ते बर्फावर राहून गेलं तर गोठलंच. पोटाखालच्या कातडीच्या घडीत नर ते दोनेक महिने उबवतो. जोडी जमवायचे दिवस धरले तर उपास चार महिन्यांच्या घरात जातो, वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. पण हा उपास अंड्यासाठी, बायकोच्या विरहात नव्हे.

आणि ती परत आलीच नाही तर? फॉरवर्डवाल्यांनी एवढं तरी वाचावं. पिल्लू निघालं असेल तर नर काही दिवस त्याला अन्ननलिकेत पाझरणारं दह्यासारखं काहीतरी भरवतो. मग अंगातली चरबी फार उतरली की अंडं असो वा पिल्लू, तिथेच टाकून समुद्राची वाट धरतो. जेवायला!

हे मी मावशीला सांगितलं.

"पिल्लाला टाकून? असला कसला बाप!" असं म्हणत तिने त्या पेंग्विनला जेवण होईपर्यंत शिव्या घातल्या, आणि मधेच पिठलं मागून घेतलं.