'ईसीजी नॉर्मल म्हणजे नुसतं टेन्शन' म्हणे!

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'छातीत दुखतंय पण ईसीजी नॉर्मल? मग ते टेन्शन. टेन्शनवाल्याला हार्टचा त्रास नसतो. ओवा खा, झोपा, डॉक्टर उगाच ॲडमिट करून लुटतात. आणि मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.' दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या आत्याने तो वाचून रात्रभर छातीला बाम चोळला आणि सकाळी आम्हाला सांगितलं, म्हणून लिहितोय.

ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा साधारण दहा सेकंदांचा हिशोब. अटॅक सुरू असतानाही पहिला कागद नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर कॅज्युअल्टीत तो परत काढतात, ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. बिलं फुगवणारे आहेत, नाही म्हणत नाही, पण ही तपासणी म्हणजे लूट नव्हे.

'टेन्शनवाल्याला हार्टचा त्रास नसतो' हे मात्र डोक्यातच जातं. १९९६ साली मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या इमर्जन्सीत छातीत दुखतंय म्हणून आलेल्या ४४१ जणांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या १०८ जणांना पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक जबरदस्त घबराटीचे झटके वारंवार येण्याचा आजार होता, आणि त्या १०८ मधल्या ४७ जणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून नोंदलेला. म्हणजे दोन्ही एकाच माणसात, सुखाने नांदतायत! तिथल्या कार्डिओलॉजिस्टना यातले ९८ टक्के पॅनिकचे पेशंट ओळखूच आले नाहीत, बहुतेकांना 'हार्टचं नाही' म्हणून घरी पाठवलं. आणि या पॅनिकवाल्यांपैकी दर चौघांतल्या एकाच्या मनात इमर्जन्सीत येण्याआधीच्या आठवड्यात जीव द्यायचे विचार येऊन गेले होते. अशा माणसाला ओवा खाऊन झोप म्हणायचं? पॅनिकमध्ये छाती आवळते, घाम फुटतो, हाताला मुंग्या येतात, आता मेलोच असं वाटतं, हे सगळं खरंखुरं शरीरात होत असतं, सोंग नसतं ते.

आता अर्धं खरं काय, तर इमर्जन्सीत छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या बहुतेकांना अटॅक नसतोच. मान्य. पण ते तपासल्यावर कळतं, फॉरवर्ड वाचून नाही. आधी ॲम्ब्युलन्सच्या १०८ नंबरला फोन.

ओव्याबद्दल काय बोलणार, ॲसिडिटी असेल तर खा बापडे.

गोळ्यांचं म्हणाल तर अल्प्राझोलामसारख्या घबराट लगेच दाबणाऱ्या गोळ्यांची सवय लागते हे खरंय, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून खाऊच नयेत. पण पॅनिकवर मुख्य उपचार म्हणजे सीबीटी नावाचं समुपदेशन आणि एसएसआरआय गटातली (डिप्रेशन-घबराटीवर रोज घ्यायची) औषधं, ज्यांची तशी चटक लागत नाही, फक्त बंद करताना डॉक्टरला विचारून हळूहळू करायची.