टाईप-सी आलं म्हणून केबल टिकेल असं नाही

इअरबड्स चार्ज करायच्या डब्या टाईप-सी झाल्या, आता केबलची कटकट संपली, असं एका लेखात वाचलं. अर्धंच खरं आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, इअरबड्स वगैरेंना टाईप-सी सक्तीचं केलं, अ‍ॅपलनेही त्याआधीच २०२३ मध्ये एअरपॉड्स प्रोची डबी बदलली. चांगलंच झालं. पण पिन बदलली म्हणून वायर मजबूत होत नाही. केबल बहुतेक वेळा जाते ती पिनेच्या मानेपाशी, वाकून वाकून. सॉकेट दहा हजार वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं. तोवर दोन-चार केबली सहज संपतात.

खरी गंमत पुढेच. काही स्वस्त इअरबड्सच्या डब्या दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. डबीत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे भाग) घालायचे असतात, ते जाणवल्याशिवाय टाईप-सी चार्जर वीज सोडत नाही. कंपनीने तेच वाचवलेले! चार्जरकडच्या टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेल्या केबलने तीच डबी मुकाट चार्ज होते. गिऱ्हाईक मात्र डबी बिघडली समजून पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चकरा मारतं.

लायटनिंगवाल्यांचा, म्हणजे अ‍ॅपलच्या जुन्या पिनेच्या चाहत्यांचा, एक मुद्दा मला पटतो. तिथे सॉकेटच्या मधोमध नाजूक जीभ, म्हणजे पातळ पट्टी, नव्हती, टाईप-सीत आहे. खिशातला कचरा आत दबला की पिन सैल बसते. डबी बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, टाचणी नको.