मिसळीच्या मेनूतले ‘उघडे’ टॅग : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. माझ्या उदाहरणातल्या वेबपानावर, म्हणजे पंचवटीतल्या मिसळवाल्याच्या मेनूत, एलआय (यादीतली एक नोंद) आणि टीडी (तक्त्यातला एक चौकोन) हे एचटीएमएलचे टॅग बंद केलेले नाहीत, ते व्हॅलिडेटरमध्ये (एचटीएमएल तपासणाऱ्या साधनात) नापास होतील आणि नाशिकची पोरं आळशी सवयी उचलतील, शिवाय गाळलेला एचटीएमएल टॅगही लिहायला हवा, ही तुमची हरकत.

व्हॅलिडेटरला तो मेनू देऊन बघा, या कारणासाठी एकही एरर येणार नाही. एलआय, टीआर (तक्त्याची ओळ), टीडी, ऑप्शन (निवडयादीतला पर्याय) यांचा क्लोजिंग टॅग, म्हणजे बंद करणारा टॅग, ऐच्छिक आहे, हे एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्येच (अधिकृत नियमावलीत) आहे. पुढचा एलआय आला किंवा यूएल (अख्खी यादी) संपला की आधीचा एलआय मिटतो. हा ब्राउझरचा अंदाज नाही, नियमच आहे. सगळं बंद करायचा दंडक एक्सएचटीएमएलचा (एचटीएमएलच्या कडक रूपाचा), 2000 सालचा. तो अजून एचटीएमएलच्या नावावर खपतो.

उलट, सगळं इमानदारीत बंद करणाराच पीमध्ये (परिच्छेदाच्या टॅगमध्ये) फसतो. पी उघडला, ‘मिसळीसोबत’ लिहिलं, आत यूएल टाकून पाव, पापड, दही मांडलं आणि खाली पी बंद केला. दिसायला नीटनेटकं. पण पीच्या पोटात यूएल चालत नाही, त्यामुळे यूएल दिसताक्षणी पार्सर (ब्राउझरचा टॅग वाचणारा भाग) पी मिटवून टाकतो. मग खालचा क्लोजिंग टॅग बंद कोणाला करणार? पार्सर तिथे नवा, रिकामा पी तयार करतो. पीला पॅडिंग किंवा बॉर्डर दिली असेल तर मेनूखाली एक उपरी पट्टी उमटते. व्हॅलिडेटर बोंब मारतो ती इथे.

डिव्हच्या (पानाचा एक भाग बांधणाऱ्या टॅगच्या) उघडणाऱ्या टॅगच्या शेवटी स्लॅश टाकून तो मिटला असं धरून चालणं तर याहून वाईट. ब्राउझर स्लॅशकडे बघतही नाही, डिव्ह उघडाच राहतो आणि पुढचं सगळं पान त्यात जातं. अ‍ॅट्रिब्यूटच्या (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्माच्या) मूल्याभोवतीची अवतरणचिन्हं गाळलीत तरी चालतं, पण क्लासची दोन नावं असतील तर नाही: स्पेसनंतरचं नाव वेगळं अ‍ॅट्रिब्यूट ठरतं.

एचटीएमएल टॅगबाबत मात्र तुमचं बरोबर. तो गाळता येतो, पण त्यावर लँग (पानाची भाषा सांगणारं) अ‍ॅट्रिब्यूट द्यायचं तर लिहावाच लागतो, आणि मराठी पानाला लँग ‘एमआर’ हवंच. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं त्यावरच उमटतात. जाता जाता: मेटा चारसेट (पानाचं अक्षर-एन्कोडिंग सांगणारा टॅग) पानाच्या पहिल्या 1024 बाइटांत संपायला हवा. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. म्हणून हा टॅग लांबलचक मराठी टायटल आणि डिस्क्रिप्शनच्या वर ठेवा.

उदाहरणात एचटीएमएल टॅग आणि लँग घातलंय. एलआय होते तसेच आहेत.